पहिली गाडी आपल्या मापाची

मिरजेत कोणी तंबोरा घ्यायला आलं की सतारमेकर आधी गाणाऱ्याची पट्टी विचारतात. पुरुषाच्या खालच्या पट्टीला मोठा तंबोरा आणि बाईच्या उंच पट्टीला लहान. वाद्य गळ्याला जुळलं पाहिजे, हे या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याच गावातली अठरा वर्षांची मुलं-मुली दसऱ्याला नाहीतर पाडव्याला पहिली गाडी काढायला निघतात, तेव्हा मात्र त्यांची उंची, अंगातली ताकद, रोजचा रस्ता यांची चौकशी फारशी कोणी करत नाही. प्रश्न दोनच असतात, 'किती सीसीची?' आणि 'ॲव्हरेज किती देते?' निवड चुकते ती इथे. म्हणून नेहमी कानावर येणारे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : पुढे बदलण्यापेक्षा पहिल्यांदाच मोठी गाडी घ्यावी.

वस्तुस्थिती : नवख्याची खरी परीक्षा गाडी हळू चालताना होते. लक्ष्मी मार्केटच्या गर्दीत थांबताना, बोळात वळवताना, स्टँडवरून काढताना तोल आपल्या पायांवर येतो. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो, तर बुलेट ३५० चं सुमारे १९५ किलो. हा ८३ किलोंचा फरक म्हणजे एक भरल्या अंगाचा माणूसच. गाडी चालती असेपर्यंत हे वजन जाणवत नाही. ती थांबून एका बाजूला कलली की मात्र सरावाचे पायही कमी पडतात.

म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसून बघाच. दोन्ही पावलं जमिनीला नीट टेकतात का? बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकलता येते का? बंद गाडी हातांनी धरून वळवता येते का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर ती गाडी सध्या तुमच्या मापाची नाही. दोन वर्षांनी कदाचित असेल.

गैरसमज २ : सीसी जास्त म्हणजे गाडी जास्त पळणारी, सीसी कमी म्हणजे बिनधोक.

वस्तुस्थिती : सीसी हे इंजिनाच्या सिलिंडरमधल्या जागेचं माप आहे. गाडी किती जोरात उसळी घेईल, ते केवळ त्यावरून ठरत नाही. बुलेट ३५० चं इंजिन सुमारे २० अश्वशक्ती देतं. केटीएमची ड्यूक २०० ही सीसीने लहान असूनही सुमारे २५ अश्वशक्ती देते, आणि तिचं वजन बुलेटपेक्षा ३५ किलोंच्या आसपास कमी आहे. नवख्या हाताने ॲक्सिलरेटर थोडा जास्त पिळला, तर यातली कोणती गाडी आधी हाताबाहेर जाईल हे उघड आहे. स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती, आणि मिरज-सांगली रोज ये-जा करायला ती पुरते.

कॉलेज, कुपवाडची एमआयडीसी, शेत एवढाच रस्ता असेल तर १०० ते १२५ सीसीची गाडी पुरेशी आहे. कोल्हापूरला नेहमी हायवेने जावं लागत असेल, तर १५० ते १६० सीसीच्या साध्या गाडीचा विचार करा. सीसी विचारताना अश्वशक्ती आणि वजनही विचारा.

गैरसमज ३ : पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो, पायाचाच ब्रेक वापरावा.

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक गैरसमज हाच. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक लवकर घसरतं, त्यामुळे नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी लांबपर्यंत फरफटत जाते. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. माणूस पडतो तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे, हँडल वळलेलं असताना दाबल्यामुळे किंवा वाळू-चिखलावर दाबल्यामुळे. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायची सवय मोकळ्या मैदानावर लावून घ्या.

आपल्या भागात तर ही सवय हवीच. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या अंधारात मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतानाही रस्त्यावर असतात, आणि शेतातली ओली माती चाकांबरोबर डांबरावर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएस एकाच ब्रेकने दोन्ही चाकांना पकड देतं. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल, तर यातलं काही तिला आहे का ते पाहून घ्या.

गैरसमज ४ : ॲव्हरेज देईल तीच गाडी चांगली.

वस्तुस्थिती : हिशेब करून बघा. महिन्याला १,००० किलोमीटर चालवलं, तर लिटरला ६० देणारी आणि ५० देणारी गाडी यांत फरक पडतो सुमारे सव्वातीन लिटर पेट्रोलचा. तेवढ्यासाठी चांगले टायर आणि डिस्क ब्रेक सोडू नयेत.

गैरसमज ५ : शिकायला जुनी गाडी घ्यावी, कागदपत्रं सावकाश बघू.

वस्तुस्थिती : जुनी गाडी जरूर घ्या, पण ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून आणि कागद हातात घेऊन. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. त्यामुळे मिरजेत केए पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात. अशी गाडी नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई फारशी उरत नाही. नाव न बदलता अपघात झाला, तर मूळ मालक आणि तुम्ही दोघेही अडचणीत येता.

गैरसमज ६ : सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतंच की, आणि गावात हेल्मेट कशाला?

वस्तुस्थिती : सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीची. गिअरच्या मोटरसायकलला अठरा वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. लर्निंग लायसन्सवर असताना शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. हेल्मेट गावातही आणि मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. ते आयएसआय खुणेचं हवं, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा.

आईवडिलांना एक विनंती. गाडीचं बजेट ठरवताना चांगल्या हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत गाडी बघा. मुलामुलींनो, मित्रांच्या नजरेत भरेल अशी गाडी पुढे कधीही घेता येईल. पहिली मात्र अशी घ्या, की जी थांबवणं, वळवणं आणि सांभाळणं पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात असेल.