हिमनदीच्या तळ्याला रंग कुठून येतो?

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लेक लुईजच्या काठावरून जंगलातली पायवाट चढू लागले, की झाडांमधून खाली दुधाळ निळे-हिरवे पाणी दिसत राहते. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे किंवा तांब्याच्या क्षारांमुळे हा रंग येतो, असे अनेकांना वाटते. खरे कारण आहे खडकपीठ (हिमनदीने घासून केलेली खडकाची अतिसूक्ष्म भुकटी). जात्यात दाणे दळावेत तसे व्हिक्टोरिया हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक घासत सरकतात, आणि वितळलेल्या पाण्यासोबत हे पीठ तळ्यात उतरते. कण इतके बारीक, की ते लवकर तळाशी बसत नाहीत. पाणी तांबडा प्रकाश शोषते. उरलेला निळा-हिरवा प्रकाश कणांमुळे विखुरतो (सर्व दिशांना फेकला जातो) आणि तोच डोळ्यांपर्यंत येतो.

प्रतिबिंबाचा काहीच वाटा नाही असे नव्हे. काठावरून तिरपे पाहिले तर संथ पाण्यात आकाश उमटतेच. पण उंचावरून, ढगाळ दिवशी पाहिले तरी हा रंग टिकतो. याच पायवाटेवरच्या छोट्या मिरर लेकवरही तेच आकाश असते. तिथे हिमनदीचा ओढा पोहोचत नाही आणि हा दुधाळपणाही दिसत नाही. ऋतूचा पुरावा तर सर्वांत बोलका: जूनच्या सुमारास गोठलेले तळे मोकळे होते, पण रंग खुलतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, हिमनदीचे वितळणे वाढल्यावर. मग ओंजळीतले पाणी निळे का दिसत नाही? तेवढ्याशा पाण्यात तांबडा प्रकाश शोषला जाण्याइतकी खोलीच नसते.