टुरिस्ट व्हिसावर गेलेला माणूस सरकारला दिसतो का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोललेलंच थोडं नीटनेटकं केलंय. मधे मधे वऱ्हाडी येईल, सांभाळून घ्या.

पोळ्याला मी नांदगाव खंडेश्वरला घरी होतो. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "बाबू, तू कम्प्युटरवाला हायेस, हे जरा पाहून दे न. पोट्टं बँकॉकले जाऊन रायलं."

मोबाइलमध्ये एक ऑफर लेटर होतं. बँकॉकमध्ये कस्टमर सपोर्टची नोकरी, महिन्याला सत्तर हजार, राहणं-खाणं फुकट, तिकीट कंपनीचं. व्हिसा मात्र टुरिस्ट, "तिथं गेल्यावर कन्व्हर्ट होते" असं एजंटचं म्हणणं. एजंटला एकूण ऐंशी हजार द्यायचे ठरले होते. त्यातले पाच हजार 'फाइल चार्ज' म्हणून गेले होते आणि बाकीचे सोयाबीन निघालं की द्यायचे होते.

मी पोराला विचारलं, परदेशात कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, ती काढली का? तो म्हणाला, "दादा, मले ते लागतच नाही. मी बारावी पास हाये. एजंटनं सांगतलं."

या एका गोष्टीत एजंट खोटं बोलत नव्हता. आजचा भाग त्याच्यावरच आहे.

पासपोर्टचे दोन प्रकार

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्यानुसार भारतीय पासपोर्टचे दोन गट पडतात. एक ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी ठरावीक देशांत जायला सरकारची मंजुरी लागणारा. दुसरा ईसीएनआर, म्हणजे मंजुरी न लागणारा. दहावी पास असाल, आयकर भरत असाल किंवा वय पन्नासच्या वर असेल, तर तुम्ही दुसऱ्या गटात. ठरावीक देश म्हणजे १८ देश. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे त्यात आहेतच, शिवाय मलेशिया आणि थायलंडही आहेत.

यामागचा विचार साधा आहे. कमी शिकलेल्या माणसाला करार वाचता येत नाही, तो फसतो, म्हणून त्याचा करार सरकारनं वाचायचा. दहावी झालेला स्वतः वाचेल.

चार रजिस्टरं आणि एक नंबर

आमच्या मोहल्ल्यातले एक काका वेल्डर आहेत, आठवी पास. ते कुवेतला गेले तेव्हा त्यांची माहिती कुठं कुठं गेली ते बघा.

पहिलं रजिस्टर पासपोर्ट खात्याचं. आपल्याकडच्या पासपोर्टचं काम नागपूरच्या कार्यालयाकडून चालतं. तिथं नाव, पत्ता आणि ईसीआरची नोंद. दुसरं रजिस्टर 'ई-मायग्रेट' या संगणक प्रणालीचं. परराष्ट्र मंत्रालयाची ही प्रणाली २०१४-१५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. परदेशातला मालक, इथला परवानाधारक एजंट, कामाचा करार, पगार आणि विमा हे सगळं त्यात येतं. तिसरं रजिस्टर विमानतळावरच्या इमिग्रेशनचं, ते गृह मंत्रालयाखाली. कोण कधी गेला, कुठं गेला आणि कधी परत आला ते तिथं कळतं. चौथं त्या देशातल्या आपल्या दूतावासाचं. कोणत्या मालकाविरुद्ध तक्रारी आहेत ते त्यांना ठाऊक असतं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही चार वेगळी टेबलं आहेत आणि त्यांना जोडणारी किल्ली म्हणजे पासपोर्ट नंबर. मुंबईच्या विमानतळावर काकांचा पासपोर्ट स्कॅन झाला की अधिकाऱ्याला दिसतं की हा ईसीआर आहे, मंजुरी आहे, म्हणजे जाऊ द्या. मंजुरी नसेल तर थांबवा. मंजुरीसाठी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण.

म्हणजे आठवी पास काका कुठं आहेत, कुणाकडे आहेत, किती पगारावर आहेत, हे सरकारला माहीत आहे. आणि काकूंचा बारावी पास पोरगा? त्याच्याबद्दल फक्त इमिग्रेशनच्या रजिस्टरात एक ओळ येणार. टुरिस्ट, बँकॉक, अमुक तारीख. बस.

हे भोक सरकारला दिसलं नव्हतं असं नाही

नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर केलं होतं की १ जानेवारी २०१९ पासून ईसीएनआर पासपोर्टवाल्यांनीही या १८ देशांत नोकरीला जाण्याआधी ई-मायग्रेटवर नोंदणी करायची. मंजुरी घ्यायची नाही, नुसती नोंद करायची. त्याच महिन्याच्या शेवटी तो निर्णय स्थगित झाला. नोंदणी ऐच्छिक राहिली.

ती सक्तीची झाली असती तरी टुरिस्ट म्हणून जाणारा त्यातून सुटलाच असता. कारण कागदावर तो कामगार नाहीच. शिवाय म्यानमार, कंबोडिया आणि लाओस हे देश त्या १८ च्या यादीत नाहीत.

एक वजाबाकी

सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं एक सूचना काढली. आयटी शिकलेल्या तरुणांना थायलंडमध्ये नोकरीचं आमिष दाखवून म्यानमारमध्ये नेलं जातंय, सावध राहा. तिथं पासपोर्ट काढून घेतात, कंपाउंडमध्ये कोंडतात आणि आपल्याच देशातल्या लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करून घेतात. तुमच्या आमच्या फोनवर 'पार्ट टाइम जॉब'चे जे मेसेज येतात ना, त्यातला एखादा पाठवणारा स्वतःच कैदेत असू शकतो.

२०२४ मध्ये केंद्रानं वेगवेगळ्या मंत्रालयांची एक समिती केली आणि पहिल्यांदा रजिस्टरं एकमेकांशेजारी ठेवली गेली. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम या चार देशांत व्हिजिटर व्हिसावर ७३,१३८ भारतीय गेले होते. त्यातले २९,४६६ परत आलेले नव्हते. यात महाराष्ट्रातले ३,२३३ होते.

हे सगळे अडकलेले आहेत असा याचा अर्थ नाही. काही तिसऱ्या देशात गेले असतील, काही मजेत असतील. म्हणून राज्यांना घरोघर पडताळणी करायला सांगितलं गेलं. पण मुद्दा बघा. ही काही आर्टिफिशियल इंटेलिजन्सची कमाल नाही. गेलेले वजा आलेले, एवढंच. असली क्वेरी लिहायला मला पाच मिनिटं लागतील. अवघड असतं ते हे, की ज्या खात्याकडे प्रश्न आहे त्याच्याकडे डेटा नसतो, आणि ज्याच्याकडे डेटा आहे त्याला तो प्रश्न पडलेला नसतो.

पुढं मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवरच्या मे सोतहून वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागानं म्यानमारमधून ६० हून जास्त जणांची सुटका झाल्याचं सांगितलं आणि इथले काही एजंट पकडले. परत आलेल्यांच्या जबाबातून एजंटांची नावं मिळतात. तीही माहितीच आहे. फक्त ती माणूस भोगून आल्यावर मिळते.

नोंद झाली म्हणजे सगळं झालं का?

नाही. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात ४५ भारतीय गेले. सरकारी प्रणालीला माणसाचा मालक माहीत असतो. तो कसल्या खोलीत किती जणांसोबत झोपतो, हे तिला माहीत नसतं.

दुसरी अडचण किल्लीचीच. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की नंबर बदलतो. जुना आणि नवा नंबर जोडलेला नसेल तर परदेशात सहा वर्षं राहिलेला माणूस कम्प्युटरला दोन वेगळी माणसं वाटतो.

तिसरी अडचण पगाराची. इथं सही केलेला करार तिथं बदलतात आणि कमी पगाराचा पुढं करतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही देशांच्या प्रणाली जोडणं, म्हणजे करार एकच राहतो. अमिरातीशी अशा जोडणीचा करार झालेला आहे. त्यांच्याकडे २००९ पासून पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत आहे. पगार थकला की तिथल्या कामगार खात्याला बँकेच्या नोंदीतून कळतं, कामगाराला आधी तक्रार करायची गरज नाही.

आणि एक इशारा. दार फार अरुंद केलं की लोक खिडकीतून जातात. ईसीआर पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला या देशांत कामाची मंजुरी मिळत नाही. हेतू तिच्या संरक्षणाचाच. पण जिला जायचंच आहे ती टुरिस्ट व्हिसा काढून जाते आणि मग ती कुठल्याच रजिस्टरात कामगार म्हणून सापडत नाही. माझ्या मते विमानतळावर प्रत्येक तरुणाला संशयानं अडवणं हा उपाय नाही. नोंद करणं सोपं आणि फायद्याचं करा, लोक आपणहून करतील.

१९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांपुढं आला. तो कधी लागू होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे ते बोलू.

घरातलं कुणी जात असेल तर

१. एजंटला परवाना क्रमांक विचारा आणि तो ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. यादीत नाही म्हणजे त्याला परदेशी भरतीचा अधिकारच नाही.

२. विमानात बसण्याआधी हातात नोकरीचा व्हिसा हवा. 'तिथं कन्व्हर्ट होते' हे वाक्य आलं की उठा.

३. परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. पावती घ्या.

४. पासपोर्ट ईसीएनआर असला आणि नोकरी त्या १८ देशांतली असली तर ई-मायग्रेटवर ऐच्छिक नोंदणी करा. नोंद असली तरच शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

५. विचारायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची हेल्पलाइन १८००-११-३०९०. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०. परदेशात अडकलेल्यासाठी 'मदद' पोर्टल.

काकूंच्या ओट्यावर आम्ही पहिलीच पायरी केली. पोरानं एजंटला मेसेज टाकला, "सर, परवाना नंबर पाठवा." दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. परत एकदा विचारलं, तर नंबर ब्लॉक. १९३० वर तक्रार नोंदवली. पाच हजार अजून आलेले नाहीत.

पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. त्याचं बरोबर होतं. त्याच्यासाठी मी सत्तर हजारांची नोकरी घालवली होती आणि त्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "दादा, दुबईतली एक जागा हाये. एजंटचा नंबर यादीत सापडला. कराराचा कागद आला की तू वाचशीन का?"

वाचीन म्हटलं. तुमच्याही शेजारी असा कुणी असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.