किंचित वाढलेला रक्तदाब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब वरच्या आकड्याने आणि ते शिथिल होतानाचा दाब खालच्या आकड्याने दर्शवला जातो. भारतात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास त्यास उच्च रक्तदाब म्हणतात; वरचा आकडा १५९ आणि खालचा ९९ यांपुढे न गेल्यास तो पहिल्या श्रेणीचा, म्हणजेच सौम्य, मानला जातो.

गैरसमज : डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : सौम्य रक्तदाबाची बहुधा कोणतीच लक्षणे नसतात. सुमारे १० लाख प्रौढांच्या माहितीचे जे विश्लेषण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने अधिक असल्यास हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मोजणी हाच निदानाचा मार्ग आहे. त्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून, पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवणे आवश्यक असते.

गैरसमज : ताटात वरून मीठ घेतले नाही, किंवा सैंधव वापरले, की पुरे.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सर्व पदार्थांतील मीठ धरून आहे. सोलापूरच्या जेवणात ज्वारीच्या कडक भाकरीपेक्षा तिच्यासोबतची शेंगा चटणी, लोणचे आणि पापड यांतूनच अधिक मीठ पोटात जाते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने त्याने सोडियम फारसे घटत नाही. पोटॅशियमयुक्त मिठाने ते घटते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते घातक ठरू शकते.

गैरसमज : यंत्रमागावर राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते.

वस्तुस्थिती : मागापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने शरीर थकते, पण आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्याने हृदयाला मिळणारा लाभ त्यातून मिळेलच असे नाही. विडीचे तेंदूपान सहज जळत नसल्याने ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात, आणि त्यांतील निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड रक्तदाबाने आधीच ताणलेल्या रक्तवाहिन्यांची हानी वाढवतात.

गैरसमज : आकडा उतरला की गोळी थांबवावी.

वस्तुस्थिती : रक्तदाब १४०/९० च्या खाली असून मधुमेह, मूत्रपिंडविकार वा हृदयविकार नसल्यास सामान्यतः आहार, व्यायाम आणि वजननियंत्रण यांवर भर दिला जातो, त्यापुढे औषधाचा विचार होतो. गोळी रक्तदाब आटोक्यात ठेवते, तो समूळ बरा करत नाही, त्यामुळे ती सोडताच आकडा पुन्हा चढू शकतो. सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात रक्तवाहिन्या रुंदावून आकडा काहीसा उतरतो, तेव्हाही मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. अशा खंडित उपचारांवर उपाय म्हणून २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता; ठरावीक औषधक्रम, औषधांचा अखंड पुरवठा आणि घराजवळच्या आरोग्य केंद्रात पाठपुरावा हे त्याचे आधार आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब तपासणी केली जात असल्याने, त्रास होण्याची वाट न पाहता ती करून घेणे हेच हृदयविकाराच्या प्रतिबंधाचे पहिले पाऊल ठरते.