पावणेसहा रुपयांवरचा कर

पावणेसहा रुपयांच्या वस्तूवर अठरा टक्के जीएसटी किती? कागदावर मांडले तर एक रुपया साडेतीन पैसे, आणि अर्धा पैसा वर घ्यायचा या शाळेतल्या नियमाने १.०४. हाच गुणाकार ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टकडून करून घेऊन ‘टूफिक्स्ड’ या तिच्याच आज्ञेने दोन दशांश स्थळांवर आणला, तर उत्तर येते १.०३. इथे राउंड ऑफचा नियम चुकलेला नाही, चूक त्याच्या आधीच होऊन बसलेली असते. जावास्क्रिप्ट नेहमीची संख्या ६४ बिटांत साठवते, आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे. या द्विमान पद्धतीत अर्धा, पाव, पाऊण, अष्टमांश असे दोनाच्या घातांचे अपूर्णांकच नेमके बसतात. एक दशांश तिथे कधीच संपत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश संपत नाही, आणि कुठेतरी तो तोडावा लागतो. ५.७५ नेमका बसतो, ०.१८ बसत नाही. म्हणून गुणाकार येतो १.०३४९९९९९९९९९९९९९२, आणि हा आकडा खाली आणण्यात यंत्राचे काही चुकत नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा आपला रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, दोनाचा सहावा घात. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीचा तो हिशेब, पै सोडली तर, या यंत्रात तंतोतंत मावला असता!

अर्ध्या पैशाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एका बिलात काही नाही, पण चूक एकाच दिशेने साचत गेली की बिघडते. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जाई आणि तिसऱ्या दशांशापुढचे अंक राउंड ऑफ न करता छाटून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. हिशेब दुरुस्त केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. आपल्याकडे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० सांगते की कराच्या रकमेतले पन्नास किंवा अधिक पैसे पुढच्या रुपयात घ्यावेत, कमी असतील तर सोडून द्यावेत. त्या काठावर कणभर कमी भरलेली संख्या अख्ख्या रुपयाचा फरक पाडते.

मग राउंड ऑफ करण्याआधी एक अतिसूक्ष्म संख्या मिळवून टाकावी, हा उपाय प्रोग्रामर मंडळींत फार लोकप्रिय आहे. १.००५ ला तो लागू पडतो. १०.०७५ ला नाही, कारण संख्या मोठी झाली की तिच्या शेजारच्या दोन नोंदींतले अंतरही वाढते आणि मिळवलेला कण त्यात विरून जातो. काही किमतींना चालणारा आणि काहींना न चालणारा उपाय मला चुकीपेक्षाही घातक वाटतो, कारण चाचणीत तो हमखास पास होतो. खरा मार्ग साधा आहे: रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात ठेवायची. टक्केवारी काढताना पैशाचा तुकडा तरीही उरतोच, हा आक्षेप रास्त आहे. पण तेव्हा अर्धा हा खरोखरच अर्धा असतो, आणि तो वर घ्यायचा की जवळच्या सम संख्येकडे न्यायचा, हे यंत्राने नव्हे, आपण ठरवलेले असते. ५७५ गुणिले १८ म्हणजे १०,३५०. त्यात ५० मिळवून १०० ने भागा, बाकी सोडा: १०४ पैसे. दशांशचिन्ह ग्राहकाला रक्कम दाखवताना द्यावे, त्याआधी नाही. पूर्णांक अपुरे पडतील अशी भीतीही नको. जावास्क्रिप्ट ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक बिनचूक साठवते. इतके पैसे म्हणजे सुमारे ९० लाख कोटी रुपये, आणि केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च सुमारे ५० लाख कोटींचा आहे.