दहा किलोमीटरचं दशक

२०१४च्या सुमारास पुण्यात जो कोणी नव्याने धावायला लागे, त्याला महिन्याभरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागे : ‘‘मग, हाफ कधी?’’ दहा किलोमीटरची शर्यत म्हणजे हाफ मॅरेथॉनच्या आधीची पायरी, एवढीच तिची किंमत होती. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झालेली. यवतेश्वरचा चढ पार करून आलेली माणसं सोमवारी ऑफिसात मेडल घेऊन यायची आणि कँटीनमध्ये त्यांच्याभोवती घोळका जमायचा. २००४पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हौशी माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असत : अर्ध किंवा पूर्ण मॅरेथॉन, नाहीतर सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन. ड्रीम रनला वेषभूषा, फलक, सेल्फी असा सगळा जत्रेचा माहोल. लांब अंतर गंभीर लोकांचं आणि छोटं अंतर गमतीचं, अशी सरळ वाटणी होती. बंगळुरूने २००८मध्येच दहा किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू केली होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये मात्र वेळ मोजली जाणारी दहा किलोमीटरची शर्यत यायला २०१८ उजाडलं.

या सगळ्या काळात मी दहावरच राहिलो. हाफला विरोध नव्हता, पण दहा संपवून पुढे जावं असं कधी वाटलंच नाही, कारण ती संपत नव्हती. दर शर्यतीत तिचा नवा भाग कळत गेला.

पहिला धडा पहिल्या किलोमीटरचा. हिवाळ्यातली पहाट, अंगात हुडहुडी, माइकवर झुंबा घेणारी मुलगी, मागे ढोल-ताशा. झेंडा पडला की सगळे सुसाट निघतात आणि पाय हलके वाटतात. ते हलकेपण उसनं असतं. चौथ्या किलोमीटरला त्याची व्याजासकट वसुली होते. चार ते आठ हा शर्यतीचा खरा मुलूख. सुरुवातीचा उत्साह सरलेला, शेवटची कमान अजून दूर, आणि वेग जराही सोडायचा नाही.

मॅरेथॉनची भाषा इथे चालत नाही, हे पुढे हळूहळू उमगलं. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचा स्नायूंमधला साखरेचा साठा आटत येतो; म्हणून तिथे जेल, खजूर, मिठाच्या गोळ्या यांची चर्चा. दहा किलोमीटरमध्ये तो साठा संपत नाही. इथे अडते ती श्वासाची गाडी. एका ठरावीक वेगापलीकडे रक्तात लॅक्टेट साचू लागतं आणि शरीराला ते निपटता येत नाही. ढोबळमानाने तासभर जेमतेम टिकवता येतो तो वेग म्हणजे ही सीमारेषा. सत्तावीस मिनिटांत दहा किलोमीटर धावणारा अव्वल धावपटू ती रेषा ओलांडूनच धावतो. आपल्यासारख्या पंचावन्न मिनिटं-तासवाल्याची अख्खी शर्यत मात्र त्या रेषेवरच चालते. जरा पुढे गेलं की दम तुटतो, जरा मागे राहिलं की वेळ हातची जाते.

हे कळल्यावर सरावाचं रूप बदललं. रविवारी खडकवासल्यापर्यंत गप्पा मारत जाणं सुरूच राहिलं, पण आठवड्यात एकदा विद्यापीठाच्या आवारात चारशे-आठशे मीटरचे तुकडे जोरात काढायचे आणि एकदा एआरएआयच्या टेकडीवर चढ मारायचे, असा नेम झाला.

दुसरं शिक्षण अंतराचं. शर्यत संपली की घोळक्यात ठरलेली तक्रार असते : ‘‘घड्याळात दहा पॉइंट दोन दाखवतंय, रूट जास्त होता.’’ प्रमाणित शर्यतीचा रस्ता सायकलने मोजतात. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावायचं, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी पडताळून घ्यायची आणि मग वळणाच्या आतल्या कडेपासून साधारण तीस सेंटिमीटरवरून, शक्य तेवढ्या जवळच्या रेषेत, सगळा मार्ग चालवायचा. त्यावर हजारी एक या हिशेबाने, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, जास्तीचे धरायचे. रस्ता कमी भरण्याचा धोका नको म्हणून. आपण मात्र गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणं बाहेरून घेत धावतो. वरचे शे-दोनशे मीटर बहुतेक आपणच जोडलेले असतात, उरलेला घोळ जीपीएसचा. अर्थात गल्लीबोळांतल्या अनेक शर्यतींत रस्ता असा मोजलेलाच नसतो. तिथली ‘पर्सनल बेस्ट’ मी वहीत लिहितो, पण कंसात.

तिसरी गोष्ट दिसायला जरा वेळ लागला. एकाच रस्त्यावर दोन शर्यती चालू असतात. आमच्या पुढे, झेंड्याला खेटून, बीड, सातारा, नाशिक, कोल्हापूरकडची सडसडीत मुलं-मुली उभी असतात. रात्रीच्या एसटीने आलेली, बक्षिसाच्या रकमेवर पुढच्या महिन्याचे बूट आणि खुराक अवलंबून असलेली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२मध्ये पाच हजार मीटरचा तीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत मोडला. म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ४१ सेकंद, चारशे मीटरची फेरी चौसष्ट सेकंदांत, आणि अशा साडेबारा फेऱ्या. आमच्या ग्रुपमधल्या विशीतल्या इंजिनिअर पोरांनी त्या वेगाने एकच फेरी मारून बघायची पैज लावली. पूर्ण फेरी कुणाच्याच पदरात पडली नाही.

२०२०च्या मार्चनंतर शर्यती थांबल्या. व्हर्च्युअल रनचा काळ आला : आपलं आपण धावायचं, ॲपवर नोंद टाकायची, मेडल कुरिअरने घरी. काहींना त्याने तगवलं. मला त्या काळात शर्यत म्हणजे नेमकं काय, ते कळलं. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारताना घड्याळ होतं, अंतर होतं, मेहनतही होती. पण पाच पावलं पुढे धावणारी अनोळखी पाठ नव्हती. तिला गाठायचं म्हणून आपण जो एक श्वास जास्त ओढतो, तो एकट्याने ओढता येत नाही. मुंबई मॅरेथॉन दोन वर्षं हुकून १५ जानेवारी २०२३ला परतली, तेव्हा गर्दीच्या धक्क्यांचीही कुणी तक्रार केली नाही.

गेल्या दोन-तीन हंगामांत चित्र बदलताना दिसतं आहे. दहा किलोमीटरला वयोगटांची बक्षिसं आली, ठरावीक वेळेत शर्यत पुरी करून देणारे पेसर इथेही फुगे बांधून धावू लागले, नाव नोंदवताना ‘फक्त दहा’ म्हणणारे कमी झाले. आयोजकांनी आता रस्ता रीतसर मोजून त्याचं प्रमाणपत्र जाहीर करावं आणि धावणारे व चालणारे यांना वेगवेगळ्या लाटांत सोडावं. तेवढं झालं तर टी-शर्टचं कापड कसंही चालेल.

माझी वेळ आता फारशी सुधारणार नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती राखली तरी मिळवली. पण हे कळायला दहा किलोमीटरइतकी सोयीची शर्यत दुसरी नाही. मॅरेथॉन अंगातून उतरायला आठवडेच्या आठवडे लागतात, दहा किलोमीटर आठवड्याभरात उतरते. त्यामुळे एका हिवाळ्यात पुन्हा पुन्हा उभं राहता येतं आणि आपण कुठे आहोत ते दर वेळी मिनिट-सेकंदांत कळतं. वाईट हवा, अपुरी झोप, चढाचा रस्ता या सबबी एका शर्यतीला पुरतात. हंगामभर पुरत नाहीत. वाढत्या वयाचा इतका रोखठोक हिशेब मला दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून येत्या नोव्हेंबरसाठीही नाव नोंदवलं आहे. अंतर तेच.