स्मृतीचीं कोठारें

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेला प्रसंग सांगून आरंभ करितों. घरांतील आजीबाईंनीं ऐंशी ओलांडली आहे. सकाळीं आठाच्या सुमारास त्यांचा चहा झाला, कपबशी सुनेनेंच उचलली, आणि नऊ वाजतां दारीं आलेल्या पाहुण्यांना त्यांनीं सांगितलें, "पहाटेपासून बसलें आहें, चहाचा घोट कोणीं विचारला नाहीं." सून स्वयंपाकघराच्या दारांतच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या दिवशीं ती धड जेवलीहि नाहीं. याच आजीबाई तासभर बसून कापसाच्या फुलवाती एकसारख्या वळतात, आणि आपल्या लग्नाच्या पंगतींत कोण कोण रुसलें होतें तें नांवानिशीं सांगतात! तेव्हां "जुनें सारें आठवतें, मग सकाळचेंच कसें विसरतात? मुद्दाम करितात," असा निकाल घरांत लागला. असे निकाल पुष्कळ घरांतून लागत असावेत. परंतु मेंदूच्या शास्त्रानें गेल्या सत्तर वर्षांत जें दाखवून दिलें आहे तें पाहतां हा निकाल अन्यायाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

या ज्ञानाचा पाया एका दुर्दैवी माणसाच्या आयुष्यावर रचला गेला. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत हेन्री मोलेसन नांवाचा तरुण होता. अपस्माराच्या झटक्यांनीं त्याला कामधंदा करणें अशक्य झालें होतें. १९५३ च्या ऑगस्टमध्यें, त्याच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल यांनीं त्याच्या मेंदूचा दोन्ही कानशिलांच्या आंतील अंगाचा भाग काढून टाकिला. त्यांत हिप्पोकँपस नांवाचा अवयव बराचसा गेला. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेंतून त्याला हें नांव मिळालें. झटके पुष्कळ कमी झाले; पण त्या दिवसापासून नवी आठवण धरून ठेवण्याची मोलेसनची शक्ति गेली ती कायमचीच.

माँट्रिअलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनीं १९५५ सालीं त्याची परीक्षा केली. आज कोणता महिना, असें विचारतां त्यानें मार्च १९५३ असें सांगितलें, आणि वय सत्तावीस. बुद्धि मात्र शाबूत होती. बोलणें सभ्य, बाळपणच्या आठवणी स्वच्छ. तीच तीच मासिकें तो पुन्हां पुन्हां वाची आणि प्रत्येक वेळीं तीं त्याला नवीं वाटत. एकदां मिल्नरबाईंच्या समोरच तो जेवला. अर्ध्या तासानें पानांत काय होतें तें तर त्याला सांगतां येईनाच, पण आपण जेवलों हेंच त्याला आठवेना!

पुढचा प्रयोग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी काढलेली. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची, पण हात आरशांत पाहून चालवावयाचा. वाचकांनीं घरीं करून पाहावें. पहिल्या प्रयत्नांत हात भलतीकडेच जातो. मोलेसनचाहि गेला. परंतु तीन दिवसांच्या सरावानें त्याचा हात सफाईनें फिरूं लागला. आणि आपण हें पूर्वीं कधीं केलें आहे याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती. हात शिकला होता. माणसाला पत्ता नव्हता.

यावरून स्मृतीचें कोठार एक नाहीं हें उघड झालें. घडलेला प्रसंग टिपून ठेवण्याचें काम हिप्पोकँपस व त्याच्या शेजारचे भाग करितात. फार जुन्या आठवणींचा आधार पुष्कळ अंशीं मेंदूच्या बाह्य थरांत असतो. आणि हाताच्या कसबाला लहान मेंदू व मोठ्या मेंदूच्या पोटांतील कांहीं गाठी सांभाळतात. मोलेसन २००८ सालीं, ब्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. तोंवर शास्त्रीय ग्रंथांत त्याची ओळख 'एच. एम.' या दोन अक्षरांपुरतीच होती. आपण जगाला केवढें ज्ञान दिलें, हें त्याला कितीदां सांगितलें असतें तरी त्याच्या ध्यानांत राहतें ना.

अल्झायमरच्या विकारांत बहुधा याच हिप्पोकँपसच्या परिसराला प्रथम कीड लागते. म्हणून सकाळचा चहा जातो. लग्नांतले रुसवे आणि फुलवाती राहतात. आजीबाईंच्या दृष्टीनें त्या सकाळीं चहा आलेलाच नव्हता. त्यांनीं खोटें सांगितलें नाहीं. "आतांच तर घेतलात," असें चार माणसांत ठासून सांगितलें कीं त्यांना वाटतें, घर आपणांस फसवीत आहे.

२०१६ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत सुसुमु टोनेगावा यांच्या सहकाऱ्यांनीं या विकाराची प्रारंभीची अवस्था असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. ज्या पेटींत विजेचा झटका बसला ती पेटी दुसऱ्या दिवशीं ते उंदीर विसरलेले दिसत. परंतु त्या आठवणीच्या पेशी आधींच प्रकाशानें जागृत होतील अशा करून ठेविल्या होत्या. त्यांवर प्रकाश पाडतांच उंदीर भयानें थिजले. म्हणजे आठवण आंत होती, तिच्याकडे जाण्याची वाट बंद होती. हें उंदरांपुरतें, माणसांवर तसा उपाय यावरून निघाला असें कोणीं समजूं नये. २०२३ सालीं अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळालेलें लेकॅनेमॅब हें औषधहि विकाराची गति थोडी मंद करितें, गेलेलें परत आणीत नाहीं.

तथापि विसराळूपणा दिसला कीं वयावर ढकलून स्वस्थ बसणेंहि बरें नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, मनाची खिन्नता यांनींहि विस्मरण होतें, आणि वेळींच ओळखल्यास तें पुष्कळदां सुधारतें. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतें, व उतारवयांत तें अंगीं लागणेंहि कमी होतें. तेव्हां शाकाहारी घरांनीं रक्ताच्या तपासणीचा आळस करूं नये.

परवां आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों होतों. आजीबाईंनीं आम्हांसमोर तीच तक्रार केली. सून म्हणाली, "आणतें हं, आई," आणि अर्धा कप चहा पुढें ठेवून तिनें कापसाचें तबक त्यांच्याजवळ सरकविलें. तो त्यांचा त्या सकाळचा तिसरा चहा होता.