चॅम्पियन टीम आणि थकलेली वर्गणी

मित्रांनो, परवाच्या व्हिडिओत सीझनच्या धंद्याबद्दल बोलताना मी अमेरिकेतल्या एका टीमचं नाव घेतलं होतं, ऑल्बनी एम्पायर. वेळ संपत आला होता म्हणून तिथे थांबलो नाही. आज ती गोष्ट नीट सांगतो, कारण ती खेळाची कमी आणि हप्त्यांची जास्त आहे.

आधी खेळ समजून घ्या. हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन, धडका देत पळायचं तो अमेरिकन फुटबॉल, आणि तोही छताखाली. 1981 मध्ये जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत बसला होता. तिथेच त्याने एका पाकिटावर या खेळाचं मैदान आखलं. डोकं बघा त्याचं! नवं स्टेडियम बांधायचंच नाही. आइस हॉकीचे हॉल शहरोशहरी तयार आहेत, त्यांच्या मापात बसेल असं 50 यार्डांचं मैदान करायचं. एका बाजूला 11 ऐवजी 8 खेळाडू, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. 1987 मध्ये लीग सुरू झाली. स्टेडियमचं भांडवल वाचलं, म्हणून छोट्या शहरांनाही हा धंदा झेपायला लागला.

ऑल्बनी हे असंच शहर. न्यूयॉर्क राज्याची राजधानी, पण वस्ती जेमतेम लाखभर. इथल्या लोकांना या खेळाचं वेड जुनं आहे. नव्वदच्या दशकात इथे फायरबर्ड्स नावाची टीम होती आणि तिचा हीरो होता एडी ब्राऊन. पुढे एम्पायर आली. नॅशनल अरिना लीगमध्ये तिने 2021 आणि 2022, लागोपाठ दोन वर्षं विजेतेपद मिळवलं.

2023 मध्ये या टीमला नवा मालक मिळाला, अँटोनियो ब्राऊन. एडीचाच मुलगा, एनएफएलमधला गाजलेला खेळाडू, सुपर बोल जिंकलेला. मार्चमध्ये भागीदार झाला, एप्रिलमध्ये जवळजवळ सगळा हिस्सा त्याच्याकडे आला. विचार करा, बापाने गाजवलेलं शहर, दोनदा जिंकलेली टीम, आणि मालकाचं नाव इतकं मोठं की जाहिरातीवर एक रुपया घालायची गरज नाही. आपल्याकडे कोणाला असं रेडिमेड दुकान मिळालं तर तो पेढे वाटेल.

सात सामन्यांत एक जिंकला, सहा हरले. प्रशिक्षक बदलत राहिले. पण माझ्या मते हरण्याने टीम बुडाली नाही. हरणाऱ्या टीमचीही तिकिटं विकली जातात. टीम बुडाली ती वर्गणीने. लीगमध्ये प्रत्येक मालकाने ठरलेली रक्कम वेळच्या वेळी भरायची असते. ती थकली. लीगवर जाहीर टीका केल्याबद्दल 1,000 डॉलरचा दंडही झाला होता. 15 जून 2023 रोजी, सीझन निम्म्यावर असताना, लीगने गतविजेत्या टीमचं सदस्यत्व रद्द केलं. पुढचे सामने झालेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? थोडं थांबायचं होतं. पण लीग म्हणजे एक प्रकारची भिशी आहे. सात टीम होत्या. एकाने हप्ता चुकवला की तो भार बाकीच्यांवर येतो. शिवाय इथे प्रतिस्पर्धीच तुमचा माल आहे हो! समोरची टीम आली नाही तर त्या दिवशी तुम्ही तिकीट कशाचं विकणार?

मंडप-डेकोरेशनवाले, फराळाची ऑर्डर घेणाऱ्या ताई, आंब्याचा व्यापार करणारे, तुम्हाला हे लगेच कळेल. गल्ला मोजक्याच दिवसांत भरतो, देणी मात्र त्याआधीच सुरू होतात. आजच वहीत एक पान करा. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाचा पहिला रुपया येण्याआधी द्यावी लागणारी प्रत्येक रक्कम तारखेसकट लिहा: डिपॉझिट, मजुरांची उचल, कच्चा माल. उजव्या बाजूला त्या तारखेला हातात किती असतील ते लिहा. ‘येणार आहेत’ ते धरायचे नाहीत. ज्या ओळीत उजवी बाजू कमी पडते, तिथे सोय आत्ता करायची, सीझनच्या मध्यात नाही.

आता ऑल्बनीचं पुढे काय झालं? गिऱ्हाईक तर तिथेच होतं. एम्पायरचाच एक जुना मालक, माइक क्वार्टा, 2024 मध्ये परत आला आणि त्याच एमव्हीपी अरिनात टीम उभी केली. नाव ठेवलं फायरबर्ड्स, लोकांच्या आठवणीतलं. प्रशिक्षकही एम्पायरमधलाच, डेमन वेअर. गंमत म्हणजे या वेळी नव्याने सुरू झालेली अख्खी लीगच पैशांवरून डगमगली. सुरुवातीला 16 टीम होत्या, महिन्याभरात एकेक गळायला लागल्या. फायरबर्ड्स टिकले आणि अंतिम सामन्यापर्यंत गेले. 19 जुलैला न्यू जर्सीतल्या एका मॉलमध्ये झालेल्या त्या सामन्यात बिलिंग्स आउटलॉजने त्यांना 46-41 ने हरवलं. पुढच्या वर्षी फायरबर्ड्स वेगळ्या लीगमध्ये, अरिना फुटबॉल वनमध्ये उतरले आणि तिथलं विजेतेपद घेऊन आले.